हेबेर पळाला

शनिवारी सकाळी सात वाजता पायसांदू गावच्या दवाखान्यातून हेबेर पळाला. अंगात दवाखान्याचा मागून उघडा झगा, पाय अनवाणी.

बाप आतड्याच्या कॅन्सरने गेला, आजाही त्यानेच. म्हणून डॉक्टर आन्सोंनी दोघा भावांना दुर्बिणीच्या तपासणीला बोलावलं होतं. थोरला विल्मार मुकाट्याने आत गेला. धाकट्या हेबेरने नळी पाहिली आणि दार गाठलं.

त्याच्या जागी आई, देल्मिरा, आडवी झाली. पोरं उपाशी असताना माझ्या घशाखाली घास कसा उतरेल, म्हणत तिनेही आदला दिवस निवळ रश्श्यावर काढला होता. जुलाबाचं औषधसुद्धा त्यांच्याबरोबर प्यायली होती.

"पोट रिकामं, खाट रिकामी. घ्या मलाच!"

"तपासून घ्या म्हणून किती वर्षं सांगतोय तुम्हाला," डॉक्टर म्हणाले.

दुपारी मायलेक घरी आले, तेव्हा हेबेर अंगणात निखाऱ्यांवर बरगड्या भाजत होता.

"काय रे सशा!" विल्मार ओरडला. "दिवसभर नळीने येर्बाच्या पानांचा काढा ओढतोस आणि नळीला घाबरतोस? माझं आतडं बघ, लख्ख!"

हेबेरने त्याला मिठी मारली. "आणि आई, तुझं?"

"मला काय धाड भरलीय? रोग तुमच्या बापाच्या घराण्याचा. आमची माणसं नव्वदीत नाचतात." तिने त्याच्या हातातला चिमटा घेतला. "सोमवारी तू जायचंस."

"विल्मार सुटला ना? मग मीही सुटलो."

"तो जेवला म्हणून तुझं पोट भरतं का?"

वासावर जमलेले शेजारीपाजारी खदखदून हसले. हेबेर कबूल झाला. टाळ्या पडल्या, कोणीतरी अकॉर्डियन काढला, आई थोरल्याबरोबर नाचली.

रविवारी ती धाकट्याबरोबर पुन्हा उपाशी राहिली. सोमवारी दवाखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसली.

हेबेरने डोळे उघडले. "आहे का मी?"

"आहेस. आणि स्वच्छ आहेस," डॉक्टर म्हणाले.

तो हसता हसता रडला. आईने त्याचे दोन्ही गाल मुके घेऊन ओले केले आणि डॉक्टरांकडे वळली. "आता सांगा त्याला."

डॉक्टरांनी सांगितलं. शनिवारी देल्मिराच्या आतड्यात गाठ सापडली होती. हेबेरची तपासणी होईपर्यंत घरात कोणाला कळता कामा नये, नाहीतर तो पुन्हा पळेल, अशी तिची अट होती. गाठीचा तुकडा तपासणीला मोन्तेविदेओला गेलाय. निकाल शुक्रवारी.