हणमंताचे खांब

नदीवरून यंत्राची धडधड ऐकू आली, तसा अंथरुणाला खिळलेला हणमंता कासावीस झाला. जुन्या पुलाच्या दगडी खांबांचे चिरे त्याने तरुणपणी घडवले होते. "यल्ले, बघून ये. पाडला का पूल?"

त्याचं मन मोडायचं नाही, पूल उभाच आहे म्हणून सांगायचं, असं ठरवूनच त्याची बायको यल्लव्वा निघाली.

पण नदीवर इंजिनीअर बाई म्हणाल्या, "आजी, फक्त वरचा खचलेला स्लॅब काढतोय. खांब भक्कम आहेत. नवे उभारायचे तर आणखी एक डोंगर फोडावा लागेल, ढिगाने सिमेंट लागेल. कशाला? यांच्यावरच नवा पूल बसवणार."

यल्लव्वा लगबगीने घरी आली. सगळं ऐकून हणमंताने भिंतीकडे तोंड केलं. "माझी समजूत घालतीस व्हय?"

मग ती पुन्हा गेली आणि बाईंनाच घेऊन आली. बाईंनी मजुरांकरवी म्हाताऱ्याला बाजेसकट काठालगतच्या खांबापाशी नेलं. त्याचा हात दगडावरून बराच वेळ फिरत राहिला.

"यल्ले," तो हळूच म्हणाला, "भूक लागली गं."

कित्येक दिवसांनी त्याने आपण होऊन जेवायला मागितलं होतं.