काम पूर्ण झाल्याचा दाखला

कृत्रिम पायांचे साचे कोरणारं यंत्र जुन्या संगणकाच्या मागच्या रुंद खोबणीला, म्हणजे पोर्टला, जोडून चालायचं. खरेदी विभागाने यंत्र चालवणाऱ्या कारागिराला न विचारता तो संगणक भंगारात देऊन टाकला आणि नवा पाठवला. नव्याला तसलं पोर्टच नव्हतं, म्हणून सोबत यूएसबीची एक अडॅप्टर वायर दिली.

आठवड्याने खरेदीचे साहेब काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर कारागिराची सही घ्यायला आले. त्यांनी स्वतः वायर जोडली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. "हे बघा, 'प्रिंटर तयार आहे'. उगाच बोंबलत होता तुम्ही."

"साहेब, हा प्रिंटर नाही. ही वायर फक्त कागद छापायच्या कामाची, हे मी तीनदा लेखी दिलंय. हिच्यावर यंत्राची मोटर तसूभर हलत नाही."

"खोबणीत बसली ना? मग झालं. जोडून देणं आमचं काम, चालवणं तुमचं."

"आणि बाहेर बाकावर बसलेली, पायासाठी आठवडाभर खेटे घालणारी माणसं?"

"त्यांचं मी काय करू? सही करा लवकर, मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

कारागिराने साहेबांच्या हातातून दाखला ओढून घेतला, दार उघडलं आणि कुबड्या मांडीवर घेऊन बसलेल्या म्हातारीपुढे तो धरला.

"आजी, साहेब म्हणतात काम पूर्ण झालं. तुम्हाला पाय मिळाला असेल, तर इथे सही करा."