कलम चारमधली मेंढरं

"वाच की," म्हाळूआबा म्हणाले. "उद्या सकाळी ग्रामसभा हाय. हात वर करायचा का न्हाई, ते आधी कळाय नगं?"

त्यांच्या लेकीनं, रुपालीनं, कागद उलगडला. आमदार बापूसाहेबांचा माणूस दुपारी जीपमधून येऊन घरोघरी वाटून गेला होता. विधानसभेत नवा कायदा यायचा होता, त्याचा हा मसुदा. त्याला गावोगावच्या ग्रामसभांचा पाठिंबा हवा होता.

साल शहाण्णव. दौंडला जाऊन मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली पोर म्हणजे तेव्हा वाडीच्या लेखी निम्मी कलेक्टर. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात तिला पंख्याखालची खुर्ची मिळाली, त्या दिवशी आबांनी बिरोबापुढं भंडारा उधळला होता. वाडीत आलेला कुठलाही सरकारी कागद आधी तिच्याच हातात यायचा. आणि वाडीच्या वर तेव्हा अजून गायरान होतं.

"कलम चार," ती वाचू लागली. "पडीक व वापरात नसलेल्या गायरान जमिनी उद्योगांना देता येतील."

"वापरात नसलेल्या म्हंजी कंच्या?" आबा तंबाखू मळता मळता हसले. "आपलं न्हाई ते. आगं, त्या वरच्या बाभळीखाली तू जलमलीस. तुझी आई तिकडं वेणा देत हुती आन् हिकडं दोन मेंढ्या व्याल्या. तू आन् ती दोन कोकरं, तिघांस्नी एकाच घोंगड्यात घेतलं म्या. तुझी आई म्हनायची, ह्यातली माझी कंची तेवढी सांगा!" त्यांचे डोळे क्षणभर तिकडंच गेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, पण गायरानाचं नाव निघालं की आबांना ती हमखास भेटायची. "दुसऱ्या कुठल्या गावाची बात आसंल. वाच फुडं."

"अशा जमिनीवर गुरे, शेळ्या व मेंढरं चारण्याचा हक्क..."

रुपाली थांबली.

"काय म्हनलीस? मेंढरं?"

"व्हय."

"मेंढ्या न्हाई?"

"मेंढरं लिव्हलंय, आबा."

आबांनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी अंगठा त्या ओळीवरून फिरवला. चेहरा असा खुलला, की आईच्या माघारी तिनं तो तसा पाहिला नव्हता. "तलाठी मेंढ्या म्हनतो. जनावराचा डाक्टर मेंढ्या म्हनतो. सरकारच्या कागदात मेंढरं म्या आज पैल्यांदा ऐकली. ह्यो लिव्हनारा आपल्यातला हाय बघ. त्यानं कवा ना कवा कळप वळलाय. आन् हक्क म्हनतोय, हक्क! उद्या दोन्ही हात वर करतो."

रुपालीला दौंडचे टायपिंगचे सर आठवले. ते टेबलावर पट्टी आपटून सांगायचे, अर्थाकडं बघू नका, अर्थ बघितला की स्पीड गेला. तिनं ते इमानेइतबारे पाळलं होतं. निवडणुकीच्या आधीच्या दिवाळीत कंपनीच्या साहेबांनी मुंबईच्या वकिलाच्या हातचे अठरा कागद तिच्यापुढं ठेवले. मराठी टायपिंग ऑफिसात तिलाच यायचं. दोन दिवसांत तिनं ते हातावेगळे केले, आणि साहेब म्हणाले होते, "बहुत बढिया." पुढं निवडणूक लागली. कंपनीच्या गेटातून बापूसाहेबांच्या प्रचाराला अकरा जीपा गेल्या. त्यांच्या ड्रायव्हरांची यादीही तिनंच टाईप केली होती. वकिलानं मेंढ्या लिहिलं असणार. बोटं मात्र घरची होती, ती आपल्या सवयीनं चालली. साहेबांच्या ते ध्यानात आलं नाही, बापूसाहेबांच्याही नाही. म्हणजे मधे कुणी वाचलंच नव्हतं.

"आबा, वाक्य आजून संपलं न्हाई."

"वाच की मंग."

तिनं कागद परत घेतला. "...कोणासही सांगता येणार नाही."

आबांचा मळता हात थांबला. "पुन्यांदा वाच. समदं."

तिनं पहिल्यापासून वाचलं. या खेपेला कुठं थांबली नाही. आबांनी तळहातावरची तंबाखू तशीच खाली झटकली.

"आपल्यातला मानूस आसं लिव्हील?"

"आपल्यातल्यानं न्हाई लिव्हलं. आमच्या कंपनीच्या वकिलानं लिव्हलंय. बापूसाहेबांनी कंपनीच्या जीपा घेतल्या, तसा हा कागदबी घेतला. टाईप म्या केलाय, आबा. काय टाईप करतीय ते बघितलंच न्हाई. त्यातली मेंढरं तेवढी माझी. चुकून गेली."

बाहेर गायरानाच्या उतारावरून कळप खाली येत होता. पुढच्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा वाजत होती. आबा उठून ओट्यावर आले.

मग, कुणाच्या तरी उभ्या पिकात आपला कळप शिरला की ते राखणाऱ्याला ज्या आवाजात सांगायचे, त्याच आवाजात ते म्हणाले,

"मंग वळीव की माघारी. आपली मेंढरं तिथं कशाला?"