डोकं ठिकाणावर

पुन्हा सावली आली. दुर्बिणीतल्या गोल उजेडाच्या कडेला नखाएवढी काळी कोर. तिनं गाल रायफलच्या दस्त्यावर किंचित पुढे सरकवला. कोर गेली, आणि श्वास सोडेपर्यंत परत आली. शेवटी वैतागून तिनं तशीच गोळी झाडली. ती कुठे गेली असेल, हे बघायचीसुद्धा गरज नव्हती.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मागून सर ओरडले.

रेंजवरची मंडळी हसली. सरांच्या तोंडी ही शिवी नव्हती, धडा होता. डोळा दुर्बिणीच्या बरोबर मधोमध नसला की ती काळी कोर दिसते, आणि कोर दिसत असताना नेम धरला की गोळी भलतीकडे जाते. डोळा मधोमध आणायचा तर गाल दर वेळी त्याच जागी, तेवढ्याच भारानं टेकला पाहिजे. हात, खांदा, श्वास हे सगळं नंतर. नवीन आलेल्यांना सर तिच्याकडे बोट दाखवून सांगायचे, "बघा, उशीवर डोकं ठेवावं तशी ठेवते." ती डोळे मिटून गाल टेकवायची, डोळे उघडायची, आणि समोर स्वच्छ पूर्ण गोल. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

आता संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती आणि तिला तिचाच गाल सापडत नव्हता.

सरांनी गाल टेकायच्या पट्टीखाली चामड्याचा पातळ तुकडा घातला. गोल पूर्ण झाला. तिला हायसं वाटलं. पण आठवडा उलटला नाही तोच कोर परत हजर. सरांनी आणखी एक तुकडा घातला. पुन्हा तेच.

"रायफलला काही झालेलं नाही," सर म्हणाले. "तू टेन्शन घेतेस. मन घट्ट कर."

मन घट्ट कसं करतात, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. ती नोकरी करायची त्या ग्रंथालयात पुस्तकं लावताना तिचे हात थरथरायचे. वाचकानं साधी चौकशी केली तरी ती खेकसायची, आणि मग तिलाच रडू यायचं. घरी तर बूड एका जागी टिकत नव्हतं. रात्री पंखा जोरात लावून ती टक्क जागी असायची, छाती धडधडत असायची, आणि उठून फडताळं आवरत बसायची.

"निवड तुझी आहे गं," नवरा पांघरुणातून म्हणायचा, "पण परीक्षा आमची चाललीये."

एरवी ती हसली असती. तिला वाटत होतं, आपण आतून भुसभुशीत आहोत. इतकी वर्षं ते कुणाला कळलं नाही, एवढंच. खरी वेळ आली आणि पितळ उघडं पडलं.

त्या सकाळी तिनं रायफल रेंजवरच्या गादीवर ठेवली आणि ती उठून उभी राहिली.

"सर, माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घ्या."

सर पट्टीखाली नवा तुकडा सारत होते. आधीचे तुकडे बाहेर काढून त्यांनी एकावर एक ठेवले आणि बराच वेळ त्या थप्पीकडे बघत राहिले.

"लाकूड काही इतक्यात झिजत नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मग झिजतंय काय?"

त्यांनी मान वर केली. इतके दिवस ते तिच्या गालाची जागा बघत होते. आज त्यांनी तिचा चेहरा बघितला.

"तू जेवतेस ना नीट?"

"जेवते की. नवरा म्हणतो, हल्ली पातेली घासावीच लागत नाहीत."

सर हसले नाहीत. "एवढं खातेस, आणि तरी गालफडं बसत चाललीत? रायफल ठेव पेटीत. आज सराव नाही. नवऱ्याला फोन लाव."

"सर, मला काढताय ना?"

"डॉक्टरकडे नेतोय."

डॉक्टरबाईंनी तिला हात समोर पसरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पानासारखा थरथरू लागला. मग त्यांनी तिच्या गळ्यावर बोटं ठेवली आणि पाण्याचा घोट घ्यायला लावला. नाडी बघितली. पुन्हा एकदा बघितली. रक्त तपासायला दिलं.

अहवाल आला त्या संध्याकाळी तिच्या एका बाजूला नवरा बसला होता, दुसऱ्या बाजूला सर.

"तुमची थायरॉइडची ग्रंथी भलतीच जोरात काम करतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाडी जागेवर उभी आणि पाय मात्र ॲक्सिलरेटरवर, असं चाललंय शरीराचं. धडधड, कंप, झोप उडणं, चिडचिड, खाऊनही वजन उतरणं, सगळी तिचीच करणी. औषधानं आटोक्यात येईल. पण धडधडीवर जी गोळी देतेय, ती तुमच्या खेळात चालत नाही. हात स्थिर करते म्हणून बंदी आहे तिच्यावर. ही निवड चाचणी सोडावी लागेल."

सरांनी खिशातला रुमाल काढला. नवरा "पुढच्या वर्षी" असं काहीतरी पुटपुटला आणि त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. आता ही रडणार, असं दोघांनाही वाटलं.

ती खुर्चीत पुढे सरकली. तिनं गोळीचं नावही विचारलं नाही आणि चाचणीचंही काही विचारलं नाही.

"डॉक्टर," ती म्हणाली, "म्हणजे मी भित्री नाही ना?"