पहारीचा डाव

लातूरच्या होस्टेलवर रविवारची टेस्ट संपली की मुग्धा रफ वहीवर एक गाव आखायची आणि स्वतः बनवलेला खेळ मांडायची. एकीनं जादूगार व्हायचं, दुसरीनं योद्धा, आणि लुडोचा फासा टाकत लढायचं. खेळात खोट एकच होती. जादूगाराला सहा पडले की त्याच्या भूकंपाच्या मंत्रानं अख्खं गाव खाली यायचं, म्हणून योद्धा व्हायला कुणी तयारच नसायचं. मुग्धानं तलवार लांब केली, ढाल जाड केली, तरी जिंकायचा जादूगारच.

यावेळी निलंग्याकडची पुनम योद्धा झाली.

"हत्यार कोणतं देऊ?" मुग्धानं विचारलं.

"पहार."

"पहारीनं कुठं लढतात का?"

"तू लिही तर."

तिसऱ्याच फेरीत मुग्धाला सहा पडले. तिनं पेनानं सगळी घरं खोडली. "गाव पडलं. संपला खेळ."

"संपला कसा? लोकं खाली दबलेत. आता माझी पाळी हाय."

मुग्धा थबकली. मंत्रानंतरही योद्ध्याची पाळी असू शकते, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. "बरं, टाक फासा. जितके पडतील तितकी माणसं वाचली."

पुनमनं फासा उचललाच नाही. "नऊ लिही."

"फाशावर सहाच्या पुढं आकडाच नाही."

"माझ्या आज्याच्या हातात फासा नव्हता, पहार व्हती," पुनम म्हणाली. "त्र्याण्णवच्या भूकंपात नऊ जण काढले त्यानं. नववी माझी आई."