चौसष्टावी ओळ

मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला तिने कर्नलमधली, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या गाभ्याच्या प्रोग्रॅममधली, त्रेसष्टावी निरुपयोगी ओळ काढली आणि चौसष्टावीपाशी ती थांबली.

प्रोसेसर एक काम सोडून दुसरं हाती घेतो तेव्हा आपली रजिस्टरं, म्हणजे हाताशी ठेवलेले आकड्यांचे कप्पे, जसेच्या तसे जपून ठेवतो. या ओळीत एकच कप्पा दुसऱ्यांदा जपला जात होता. वर शेरा होता: हात लावू नये. कारण दिलेलं नव्हतं. नऊ वर्षांत कुणी हात लावलाही नव्हता. ती लिहिली होती विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ नानांनी, आणि नानांची ओळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

असा शेरा असलेली ओळ काढायची तर लिहिणाऱ्याला समोर बसून विचारायचं, हा विभागाचा रिवाज. नाना दोन टेबलं पलीकडे होते. शुक्रवारी निवृत्त होणार होते.

नानांनी चष्मा पुसला, आवाज उतरवला. तेव्हा चाचणीचं यंत्र तिसाव्या तासाला गोठायचं. ही ओळ घातली आणि गोठणं थांबलं. का थांबलं, ते त्यांनाही कळलं नव्हतं. नानांना माहीत असणार, असं सगळ्यांनी धरलं. त्यांनी धरू दिलं.

"मला कळलंय," ती म्हणाली आणि अकरा ओळी वर बोट ठेवलं. तिथे कप्पे जपून होण्याआधीच बाहेरून येणाऱ्या तातडीच्या निरोपांना दार उघडलं जात होतं. नेमका तेव्हा निरोप आला की एक कप्पा पुसला जाई. खालच्या ओळीने फक्त वेळ जराशी सरकत होती. तिने दार उघडणं खाली नेलं होतं.

नानांनी दोनदा वाचलं. "म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला."

"पण नऊ वर्षं गुण आला ना, नाना."

"टोमणा पोचला. वरची चूकही माझीच, तसं लिही. आणि काढ ती."

व्यवस्थापकांचं म्हणणं, ओळ राहू दे, कुणाचं काय खाते? गुरुवारी हे कर्नल रुग्णांना श्वास देणाऱ्या यंत्रांत जायचं होतं. चाचणीत गोठलं तर जुनंच जाईल आणि तिची साफसफाई बासनात.

"ठेवली तर माझी दुरुस्ती खरी की खोटी, ते कधीच कळणार नाही," ती म्हणाली. दहा वाजून दहा मिनिटांनी तिने ओळ काढून चाचणी सुरू केली.

बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तीस तास भरतात. आत्ता चार वाजून सात मिनिटं झाली आहेत. यंत्र चालू आहे. नाना खुर्ची आणून त्याच्यासमोर बसले आहेत. तिने पुढची फाइल उघडली आहे.