कड्याची चूक

जावयाने घरी बसून व्हिडिओ गेमचं इंजिन, म्हणजे खेळ चालवणारं सॉफ्टवेअर, बनवलं आणि तपासायला सासूबाईंना बसवलं. त्या उडीचं बटण नेहमी उशिराच दाबायच्या. खेळातला गडी कड्यावरून इतक्यांदा पडला, की खालची जमीन त्याला नावाने ओळखू लागली.

"चूक कड्याची आहे," सासूबाई म्हणायच्या.

शेवटी जावयाने हात टेकले आणि इंजिन बदललं. कड्यावरून पाय सुटल्यावरही गडी निमिषभर हवेत थांबून उडी मारू लागला.

इंजिन वापरायचा परवाना घ्यायला आलेला एका कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, "हे थांबणं काढा, नाहीतर करार विसरा."

तेवढ्यात त्याच्यासोबत आलेल्या, साठी गाठलेल्या कंपनीच्या मालकीणबाई खेळायला बसल्या. बटण उशिरा दाबलं, तरी गडी पलीकडे पोचला. "आयुष्यात पहिल्यांदा जमलं," म्हणत त्यांनी सही केली.

जावयाने लगेच सासूबाईंना फोन लावला.

"आभार राहू द्या, जावईबापू. चूक कोणाची होती?"

"कड्याचीच होती, आई."